कुठेतरी पाहिलेला माणूस

माझ्या बाबांना फोटोची भीती वाटायची. साप-विंचवाची वाटते तशी नाही, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीची वाटते तशी. कुणी कॅमेरा काढला की आपले हात कुठे ठेवायचे हेच त्यांना सुचेनासं व्हायचं. माझ्या लग्नाच्या बहुतेक फोटोंत ते आहेत, पण कुणाच्या तरी खांद्यामागे, अर्धे. आई होती तेव्हा म्हणायची, नवरीचा बाप शोधायला भिंग लागेल.

भिंग हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता. एकाच चष्म्याच्या दुकानात चौतीस वर्षं नोकरी. भिंग घासून फ्रेममध्ये बसवायचं, दोन बुबुळांमधलं अंतर पट्टीने मोजायचं, वाकडी झालेली काडी गरम करून कानामागे नीट बसेल अशी वळवायची. त्या गल्लीत त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. दिवसाला वीस-पंचवीस चेहरे त्यांच्या हातांतून जात. त्यांच्या चेहऱ्याकडे मात्र कुणाचं लक्ष नसे, कारण चष्मा घालून बघणारा माणूस आरशात स्वतःलाच बघत असतो.

आणि असा हा माणूस नाटकांत काम करायचा. हौशी मंडळी होती, वर्षाला एखादं नाटक बसवायची. बाबांच्या वाट्याला पोस्टमन, वकिलाचा कारकून, नाहीतर तिसऱ्या अंकात येऊन 'आता सगळं देवाच्या हाती' म्हणणारा डॉक्टर. मी एकदा विचारलं होतं, फोटोला घाबरता आणि तीनशे माणसांपुढे कसे उभे राहता? त्यांनी हळूच गुपित सांगितलं. त्यांचा नंबर होता मायनस सात. स्टेजवर जाताना ते चष्मा खिशात ठेवायचे. समोरची तीनशे माणसं म्हणजे मग नुसतं तपकिरी धुकं. "धुक्याला कोण लाजतो?" म्हणाले.

ते एकसष्ट वर्षांचे होते तेव्हा एक तरुण दिग्दर्शिका चष्मा दुरुस्त करून घ्यायला दुकानात आली. बाबा तेव्हा एका लहान मुलीला तिच्या आयुष्यातला पहिला चष्मा घालत होते. मुलगी रडत होती. बाबांची त्यासाठी एक ठरलेली रीत होती. गुडघ्यांवर बसायचं, म्हणजे आपलं डोकं मुलाच्या डोक्याच्या खाली येतं. शर्टाच्या टोकाने भिंगं पुसायची (दुकानाचे मालक यावरून रोज ओरडत, दुकानात पुसायची फडकी ढिगाने पडलेली असताना हे काय), एक फुंकर मारायची, दोन्ही हातांनी चष्मा चढवायचा. मग मुलाचा हात हातात घेऊन त्याच्या बोटांच्या पेरांवरून अंगठा दोनदा फिरवायचा आणि विचारायचं, "बघ बरं, आलं का जग जाग्यावर?"

दिग्दर्शिका आपला चष्मा विसरून ते बघत राहिली. जाताना पत्ता घेऊन गेली, आणि आठवड्याने घरी आली.

मी, माझा नवरा आणि आमची मुलगी, तेव्हा चार वर्षांची, आम्ही बाबांकडे राहतो की बाबा आमच्याकडे, हा आमच्या घरातला न मिटलेला वाद आहे. मुलीला बाबा ठकी म्हणतात, त्यामुळे सगळेच ठकी म्हणतात. त्या दिवशी आम्ही सगळे होतो. दिग्दर्शिकेने सांगितलं की भूमिका छोटी आहे, सहा दिवसांचं काम. गर्दीच्या ठिकाणाहून मूल पळवून नेणारा माणूस. बाबा हादरलेच. म्हणाले, मला वाईट माणसाचं काम येत नाही, आवाजच चढत नाही माझा. ती म्हणाली, "काका, तुम्ही वाईट काही करायचंच नाही. दुकानात करता तेवढंच करायचं."

"मग मी वाईट आहे हे लोकांना कळणार कसं?"

"ते त्यांना आधीच माहीत असेल."

बाबा नको म्हणत होते. मीच त्यांना भरीला घातलं. आयुष्यभर लोकांच्या खांद्यामागे उभे राहिलात, आता एकदा पुढे या, असं काहीबाही बोलले. माझ्या बोलण्यात थोडी हौसही होती, सिनेमावाल्याची मुलगी म्हणवून घेण्याची. ते कबूल करायला आज जड जातं.

शूटिंगचं त्यांनी तेव्हा फारसं सांगितलं नाही. दमलो, एवढंच. जे सांगितलं ते सगळं नंतर, हॉस्पिटलात, आणि त्यानंतरच्या महिन्यांत.

पहिल्याच दिवशी त्यांनी सवयीने चष्मा काढून खिशात ठेवला. दिग्दर्शिकेने तो परत घालायला लावला, चष्मा तिला हवाच होता. आणि बाबांना सगळं दिसायला लागलं. श्वास रोखून उभी असलेली चाळीस माणसं. जांभई दाबणारा एकजण. आणि हातभर अंतरावर ते काळं, फुगीर भिंग. "मी जन्मभर भिंगं हाताळली गं," ते म्हणाले, "पण भिंगाच्या चुकीच्या बाजूला कधी उभा राहिलो नव्हतो. त्याला पापणी नसते. ते एकदासुद्धा मिटत नाही."

प्रसंग साधा होता. बसथांब्यावर चुकलेली एक मुलगी रडतेय. हा माणूस गुडघ्यांवर बसतो, तिचा चष्मा शर्टाने पुसतो, घालतो, हात धरतो, अंगठा फिरवतो. 'चल, घरी जाऊ,' म्हणतो. ती उठते आणि त्याच्याबरोबर जाते. बस. ते त्यांनी सोळा वेळा केलं. कधी बस मध्ये आली, कधी मुलगी हसली, कधी कुणाची सावली पडली. "पहिल्यांदा हात आपोआप गेला," बाबा म्हणाले. "तिसऱ्यांदा मी त्याला पाठवला. दहाव्या वेळी हा हात कुणाचा, तेच कळेना. आणि प्रत्येक वेळी ती दिग्दर्शिका सांगायची, काका, अगदी सहज करा. सहज कसं करायचं ते मी त्या दिवशी जे विसरलो ते विसरलोच."

घरी आल्यावर ते जेवताना आपल्या उजव्या हाताकडे बघत बसायचे. मी थट्टा केली होती, काय बाबा, हाताला मेकअप राहिलाय का?

सिनेमा आला. तो इतका चालेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. बाबा बघायला यायला तयार होईनात. एका रविवारी दुपारच्या खेळाला मी आणि नवरा गेलो, ठकीला बाबांजवळ ठेवून.

तो प्रसंग अर्ध्यानंतर येतो. तोवर प्रेक्षकांना कळलेलं असतं की हा माणूस कोण, त्याने आधी काय केलंय. आवाज नाही, संगीत नाही. बाबा गुडघ्यांवर बसले. भिंतीएवढे बाबा. त्यांनी शर्टाचं टोक धरलं तेव्हा माझ्या शेजारची अनोळखी बाई 'नको, नको' पुटपुटायला लागली. त्यांचा अंगठा त्या मुलीच्या पेरांवरून फिरला, एकदा, दुसऱ्यांदा. तो अंगठा माझ्या ओळखीचा होता. शाळेच्या पहिल्या दिवशी, टॉन्सिल काढायच्या दिवशी, आई गेली त्या दिवशी तो माझ्या हातावरून असाच फिरला होता. थिएटरभर लोक त्या अंगठ्याला घाबरून खुर्च्यांना चिकटले होते, आणि मीही घाबरले. मी माझा हात ओढणीत गुंडाळून घेतला.

घरी आलो. बाबा खिडकीशी बसले होते, ठकी मांडीवर. ते तिची नखं कापत होते. तिचा हात त्यांच्या हातात होता.

"द्या, मी कापते," मी म्हणाले.

"झालीच आता, दोनच राहिलीत."

"द्या म्हटलं ना, बाबा."

त्यांनी तिला माझ्याकडे दिलं. मग सिनेमा कसा होता विचारलं. मी म्हणाले, छान, तुम्ही फार छान केलंय. माझा आवाज मलाच परका वाटला. बाबा उठून नखं केरात टाकायला गेले.

मला माझ्या बाबांचा संशय आला नव्हता. हे मी आजही कुणापुढेही शपथेवर सांगेन. पण भीती कुठे पुरावा मागते? ठकीला शाळेतून आणायचं काम त्यांचं होतं, ते मी माझी वेळ बदलून घेऊन स्वतःकडे घेतलं. तिला अंघोळ मी घालायला लागले. ती त्यांच्या खोलीत खेळत असली की मी काही ना काही निमित्त काढून दारावरून जायचे. प्रत्येक वेळी आत काय दिसायचं? बाबा पेपर वाचताहेत आणि ठकी त्यांच्या चपला घालून फिरतेय. मला हायसं वाटायचं, आणि हायसं वाटलं याचीच शरम वाटायची. नवऱ्याला मी यातलं काही सांगितलं नाही. बाबांनी काही विचारलं नाही. फक्त पुढे पुढे ते त्यांच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवायला लागले, अगदी झोपतानासुद्धा, दाराला खुर्ची लावून.

बाहेर वेगळंच चाललं होतं. सुरुवातीला मजा होती. गल्लीतल्या पोरी त्यांच्याबरोबर फोटो काढायला यायच्या, 'तसं बघा ना काका, सिनेमातल्यासारखं' म्हणायच्या. बाबा विचारायचे, मी कसं बघतो? त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मग दुकानात एक आई आली, मुलाचा नंबर काढायला. बाबा गुडघ्यांवर बसले, मुलाची हनुवटी वर केली, आणि ती बाई एकदम किंचाळली. मुलाला ओढूनच घेतलं तिने. नंतर ओशाळून म्हणाली, "सॉरी हं काका, मला माहितेय तो सिनेमा आहे, पण माझंच काहीतरी झालं." मालक भला माणूस. त्यांनी बाबांना काही दिवस मागच्या खोलीत भिंगं घासायला बसवलं. काही दिवसांचे चार महिने झाले.

त्यात भर पडली ती कुणीतरी केलेल्या उद्योगाची. त्या प्रसंगाचा चाळीस सेकंदांचा तुकडा कापून कुणीतरी फोनवरून सोडून दिला. खाली सिनेमाचं नाव नाही, काही नाही. फक्त लिहिलेलं, असे लोक आपल्या आसपास फिरतात, सावध राहा, पुढे पाठवा. लोकांनी पाठवला. मला तो तीन ठिकाणांहून आला, एकदा तर ठकीच्या वर्गातल्या पालकांकडून. मी लिहिलं की हा सिनेमा आहे, हे माझे वडील आहेत. दोघांनी होकाराच्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. बाकीच्यांनी पाहिलंच नसावं.

एकदा मी कामावरून लवकर आले. बाबा कपाटाच्या आरशासमोर चालत होते. चार पावलं पुढे, चार मागे. आधी हात मोकळे सोडून, मग मागे बांधून, मग खिशात घालून. निरपराध माणूस कसा चालतो ते करून बघत होते. मला पाहून थांबले आणि म्हणाले, "हात खिशात बरे दिसतात, नाही?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये नमुने घेते. त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास शाळेचा फोन आला की पाण्याची टाकी फुटली आहे, मुलांना घरी न्या. लॅबमध्ये उपाशीपोटी आलेली माणसं रांगेत बसलेली, नवरा कामासाठी परगावी. मी मनात आधी शेजारणीचं नाव घेतलं, मग ठकीच्या मैत्रिणीच्या आईचं. दोघींचे फोन लागेनात. तेव्हा कुठे बाबांना फोन केला. ते म्हणाले, "मी जाऊ? नक्की?" त्या 'नक्की'ने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणाले, जा.

पुढचं मला तिघांकडून कळलं आहे: बाबांकडून, ठकीकडून आणि बसथांब्याजवळ वर्तमानपत्रं विकणाऱ्या एका बाईकडून.

ठकीला आई येईल असं वाटलं होतं. आली नाही म्हणून ती रुसली, आणि अर्ध्या वाटेत, बसथांब्यापाशी फतकल मारून बसली. मोठमोठ्याने रडायला लागली. पूर्वीचे बाबा असते तर गुडघ्यांवर बसले असते, दोन मिनिटांत तिला हसवलं असतं. पण समोर बसथांबा होता, मूल रडत होतं, आणि ते जे काही करणार ते सगळं आधीच सगळ्यांनी पडद्यावर पाहिलेलं होतं. बाबांनी हात खिशात घातले. ताठ उभे राहून तिला हळू आवाजात ऊठ, ऊठ म्हणत राहिले. घामाने भिजलेला, डोळे चुकवणारा, मुलाला हात न लावणारा म्हातारा. निरपराध दिसायच्या धडपडीत ते पक्के चोर दिसायला लागले.

एका बाईने ठकीला विचारलं, काय झालं बाळा, कोण आहेत हे? ठकी हुंदके देत म्हणाली, "मला नाही जायचं याच्याबरोबर. मला आई पाहिजे."

मग कुणीतरी म्हणालं, याला मी कुठेतरी पाहिलंय.

दुसऱ्याने पाहिलं होतं. तिसऱ्याने तर फोनवर पाहिलं होतं. बाबा म्हणाले, मी आजोबा आहे तिचा. मग म्हणाले, तो सिनेमा आहे, मी सिनेमात काम केलंय. पण त्यांची बोबडी वळली होती, शब्द एकमेकांवर आदळत होते. 'हा म्हणे नट,' कुणीतरी हसलं. कुणी कॉलर धरली. चष्मा खाली पडला, त्यावर पाय पडला. "स्टेजवर चष्मा नसला की भीती जायची," बाबा म्हणाले. "इथे उलटंच झालं. ठकी कुठे आहे ते मला दिसेना. कुणीतरी तिला उचललं होतं. मी त्या धुक्यात नुसता तिचा आवाज शोधत होतो."

माझा फोन वाजला तेव्हा माझ्या हातात एका आजींचा दंड होता आणि शिरेत सुई. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा मी हातमोजा काढून उचलला.

एका पुरुषाचा आवाज होता. दमलेला, पण खुशीत. ठकीच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचा नंबर बघून फोन केला म्हणाला. "ताई, घाबरू नका. तुमची मुलगी सुखरूप आहे. पळवून नेत होता एकजण, आम्ही धरलाय. म्हातारा आहे, चष्मेवाला. आजोबा आहे म्हणतो. ओळखता का तुम्ही?"

मी काही बोलले नाही.

का बोलले नाही, याचं उत्तर मी गेली चार वर्षं शोधते आहे. बाबाच तिला आणायला गेलेत हे मला माहीत होतं. मीच पाठवलं होतं. पण 'पळवून नेत होता' हे शब्द कानात पडले आणि माझ्या डोळ्यांसमोर भिंतीएवढा तो अंगठा आला. एक श्वास आत, एक बाहेर. फार तर तेवढाच वेळ.

पलीकडे तो माणूस इतरांना सांगताना मला ऐकू आलं, "आई काही बोलत नाही. ओळखत नाही वाटतं." आणि मग एक आवाज आला. ओलं गाठोडं जमिनीवर टाकावं तसा. ठकी ओरडली.

तेवढ्यात कुणीतरी त्याच्या हातातून फोन हिसकावला. ती पेपर विकणारी बाई. "बोल गं बाई," ती म्हणाली, "कोण लागतो हा तुझा?"

"बाबा," मी म्हणाले. "माझे बाबा आहेत ते."

मी बसथांब्यावर पोचले तेव्हा गर्दी पांगली होती. पोलीस होते, पेपरवाली बाई होती. बाकी कुणी नाही. मारणारे तर नव्हतेच, बघणारेही नव्हते. बाबांना हॉस्पिटलात नेलं होतं, तिथे ते बाकावर बसले होते. भुवईवर तीन टाके, उजवं मनगट मोडलेलं. ठकी त्यांच्या डाव्या कुशीत इतकी घट्ट शिरली होती की नर्सला पट्टी बांधता येत नव्हती. मी अगदी जवळ गेले तेव्हा कुठे त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, "तिला कुठेही लागलेलं नाही. मी विचारलं तिला."

दिग्दर्शिका दुसऱ्या दिवशी आली आणि खूप रडली. तिने खुलासा लिहिला, बाबांचा फोटो घालून, नाव घालून. तो खुलासा मला एकाकडूनही आला नाही. खरं असलं की पुढे पाठवायची कुणाला घाई नसते.

बाबा सहा आठवडे घरी होते. घराबाहेर पडत नव्हते. दाराची बेल वाजली की त्यांचा हात भुवईकडे जायचा. मीही कामावर जायचे ती जीव मुठीत धरूनच. आणि मला दुसरीच भीती होती, ती म्हणजे त्यांनी ऐकलं असेल का? त्या माणसाचा फोन स्पीकरवर होता का? मी पेपरवालीला विचारणार होते, पण तोंड उघडलं नाही.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात एका सकाळी बाबा म्हणाले, मला तो सिनेमा बघायचाय. त्यांनी तो कधीच पाहिला नव्हता. ठकी शाळेत होती. आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप ठेवून बसलो. नवीन चष्मा त्यांनी मालकांकडून भिंगं मागवून घरीच बनवला होता, डाव्या हाताने.

तो प्रसंग आला तसं मला उठावंसं वाटलं. त्यांनी माझा हात धरला नाही. पुढे वाकून, भिंगातला ओरखडा शोधतात तसं बघत राहिले. मग मागे नेऊन पुन्हा पाहिला. आणि म्हणाले, "ही पंधरावी नाहीतर सोळावी वेळ. घाबरलाय बघ हा माणूस."

"कोण?"

"मी. पुन्हा चुकेल, पुन्हा करायला लावतील, एवढंच डोक्यात होतं. बघ, अंगठा कसा थरथरतोय. मी असा फिरवतो का कधी?"

मी पाहिलं. खरंच थरथरत होता. त्या थरथरीलाच आम्ही सगळे, थिएटरभर माणसं, पाप समजलो होतो. माझ्या बाबांचा म्हणून जो अंगठा मी ओळखला होता, तो त्यांचा नव्हताच. निदान पूर्ण नव्हता. मग रडू आवरेना. मी म्हणाले, "बाबा, मी त्या दिवशी फोनवर गप्प बसले."

"ऐकलं मी."

"मला..."

"ते ऐकल्यावर पुढचा मार फारसा लागला नाही," ते म्हणाले. रागाने नाही. लागलं कुठे, किती, हे डॉक्टरला सांगावं तसं. मग लॅपटॉप मिटताना: "मी तुझ्या जागी असतो तर मीही गप्प बसलो असतो. मुलासाठी वाटणारी भीती ती. तिला बाप-बीप कळत नाही. पण चूक माझीही आहे. त्या सिनेमावाल्या बाईने माझ्याकडून काही चोरलं नव्हतं. मीच दिलं. नटाकडे द्यायला असतं काय? घरातलंच असतं."

त्या बोलण्याने सगळं धुऊन निघालं, असं मी म्हणणार नाही. तसं होत नाही. अनोळखी नंबर दिसला की अजूनही समोरच्याने तोंड उघडायच्या आत मी बोलून मोकळी होते. बाबा ठकीबरोबर एकटे बाहेर जात नाहीत. ती नऊ वर्षांची आहे, तिला याचा राग येतो. पण खोलीच्या दाराला लावलेली खुर्ची मी त्याच दिवशी उचलून जागेवर ठेवली, आणि त्यांनी ती पुन्हा लावली नाही.

मागच्या वर्षी दिग्दर्शिकेचा पुन्हा फोन आला. नव्या सिनेमात एका बाकावर बसून शेंगा सोलणारा माणूस हवा होता. एकच दृश्य, बोलणं नाही. बाबांनी मला विचारलं, करू का? मी सरळ सांगितलं, मला भीती वाटते. ते म्हणाले, "मलाही वाटते, म्हणून तर विचारतोय. पण मागे तो एकच चेहरा ठेवून जायची त्याहून जास्त वाटते."

आम्ही तिघंही गेलो. मी आणि ठकी कॅमेऱ्याच्या मागे, वायरींमध्ये उभ्या होतो. मोडलेल्या मनगटामुळे शेंगा त्यांच्या हातून सांडत होत्या, आणि ते दर वेळी खाली वाकून एकेक दाणा उचलत होते. दोन टेकमध्ये झालं. दिग्दर्शिका म्हणाली, सुंदर.

सिनेमा आला तेव्हा ते दृश्य त्यात नव्हतं. कापलं होतं. आम्ही थिएटरातून बाहेर आलो आणि बाबा म्हणाले, बरंच झालं, सुटलो. रस्ता ओलांडेपर्यंत दोनदा म्हणाले. मग घरी येऊन त्यांनी दिग्दर्शिकेला फोन लावला, दार लावून घेऊन. बाहेर आले ते सांगतच आले, की काम चांगलंच झालं होतं म्हणे, पण सिनेमाची लांबी फार झाली होती. नवऱ्याला सांगितलं, ठकीला सांगितलं, आणि मी भांडी लावत होते तिथे येऊन मलाही पुन्हा सांगितलं.

"लांबी झाली होती गं," म्हणाले. "काम नव्हतं वाईट."